ट आमच्याकडे नव्हता

सदर इसमाचे वर्णन येणेप्रमाणे. वय एकसष्ट वर्षे चार महिने. बांधा काटक, वर्ण सावळा, चष्मा दोन मजली. ओळखीची खूण : उजव्या कानावर तांबडी पेन्सिल, जी स्नानाची वेळ वगळता सदैव तेथेच आढळते. व्यवसाय : शब्दकोश कचेरीतील सेवानिवृत्त सहायक संपादक, अधिकारक्षेत्र ‘ख’ ते ‘घ’, दोन्ही अक्षरे धरून. विशेष प्रावीण्य : ध्वनिवाचक शब्द. वाहनातील कोणत्याही बिघाडाचे निदान सदर इसम केवळ आवाजावरून करू शकतात, असा खुद्द सदर इसमांचा दावा आहे.

त्यांना गाडी चालवता येत नाही.

गल्लीत त्यांना सगळे खगघ म्हणत. हे नाव कचेरीतूनच आलेलं. तिथे माणसं अक्षरांनीच ओळखली जात. शिपाई चहा सांगायला जाताना विचारी, “‘प’ना बिनसाखरेचा ना? आणि ‘ह’ आज रजेवर आहेत का?” खगघांची एकतीस वर्षं तीन अक्षरांत गेली. एकट्या ‘ग’ने तेरा वर्षं खाल्ली. ‘घ’ संपत आला तेव्हा डोक्यावरचे केसही संपत आले होते. या तीन अक्षरांत त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बाकीच्या अक्षरांत मात्र ते परक्या घरात शिरल्यासारखे वागत. नातीनं एकदा विचारलं, “आजोबा, चिमटा म्हणजे काय?” तर म्हणाले, “बाळ, तो माझा विभाग नाही.”

गाडी होती बायकोची हौस. छप्पन्नाव्या वर्षी तिनं गाडी शिकायला घेतली आणि सत्तावन्नाव्या वर्षी ही गाडी घरी आली. त्याआधी ती एका दाताच्या डॉक्टरकडे होती आणि त्याही आधी तराजू-वजनं विकणाऱ्या एका गृहस्थाकडे. कागदोपत्री रंग चंदेरी. प्रत्यक्षात तो आता स्टीलच्या जुन्या पातेल्यासारखा झाला होता. गाडी आल्यावर पहिले दोन दिवस खगघ तिच्या शेजारी बसले. तिसऱ्या दिवशी गाडी दुभाजकावर चढून थांबली, तेव्हा ते मुकाट्यानं उतरले, मागचं दार उघडून मागे बसले आणि पुन्हा कधीही पुढे आले नाहीत. नवख्या माणसाला वाटे, साहेब आणि त्यांची ड्रायव्हर.

पण त्या गाडीवर घराचं बरंच काही अवलंबून होतं. बाजार, बँक आणि बहीण या बायकोच्या तीन दिशा. पंचवीस वर्षं बसमध्ये मागच्या चाकावरच्या उंच सीटवर गुडघे छातीशी घेऊन बसलेल्या बाईच्या हातात स्टिअरिंग आलं होतं, आणि ते सोडायची तिची तयारी नव्हती. शिवाय घरात ती एका खोलीत आणि हे दुसऱ्या खोलीत. जे काही दोघांचं बोलणं होई ते गाडीतच, आणि तेही आरशातून.

आता गाडीला अठरा वर्षं झाली होती. इतक्या जुन्या गाडीला दरवर्षी वाहन कचेरीत नेऊन दाखवावं लागे. तपासनीस साहेब पास म्हणाले तर आणखी एक वर्ष. नापास म्हणाले तर गाडी थेट भंगारात. मध्ये दुसरी पायरी नाही. दुसरी गाडी घेण्याइतकं पेन्शन कोशातल्या कुठल्याच अक्षराला मिळत नव्हतं. तपासणीची तारीख पडली होती गुरुवारची, सकाळी अकरा.

आणि त्याच आठवड्यात सोमवारी गाडी बोलायला लागली.

बाजारातून परत येताना बायकोनं चौकात उजवं वळण घेतलं आणि ती म्हणाली, “अहो, ऐकलंत का? टकटक होतंय. हाताला लागतंय बघा, स्टिअरिंगमध्ये.”

खगघांनी डोळे मिटले. मागच्या सीटवर मांडी घातली. कान लांब केले.

“घरघर आहे,” ते म्हणाले.

“घरघर नाही हो. टकटक. वळलं की होतंय.”

“टकटक हा ढोबळ शब्द झाला. लोकांना दुसरं सुचलं नाही की टकटक म्हणतात.” त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि भाजीच्या पिशवीवर लिहिलं : घरघर, मागून, सलग. त्याखाली दोन्ही अर्थ लिहीत ते म्हणाले, “जड, वर्तुळाकार वस्तू फिरताना होणारा खोल, अखंड ध्वनी. उदाहरणार्थ जातं. दुसरा अर्थ, घशात कफ साठून—”

“दुसरा अर्थ नको,” बायको म्हणाली. “गुरुवारी तपासणी आहे. अशुभ बोलू नका.”

त्यांचा मेकॅनिक, ज्याला सगळे वस्ताद म्हणत, एका बोळात गॅरेज टाकून होता. बोळ इतका अरुंद की गाडी सरळ आत जाई आणि तशीच सरळ मागे येई, वळायची सोयच नव्हती. शेजारी लाकडाची वखार, तिथे दिवसभर करवत चाले. अशा ठिकाणी गाडीचा आवाज ऐकणं म्हणजे वरातीत नाडी बघण्यासारखं. म्हणून वस्ताद गिऱ्हाइकालाच विचारी, आणि गिऱ्हाइकं सांगत : आवाज येतोय. कसला? कसलातरी. कुठून? कुठूनतरी. वीस वर्षं असल्या साक्षीपुराव्यावर त्यानं गाड्या दुरुस्त केल्या होत्या.

खगघांनी पिशवी पुढे धरून व्याख्या वाचून दाखवली. करवत थांबायची वाट पाहून ‘दुसरा अर्थ’ही वाचला.

वस्तादनं हात पुसले. “साहेब, जड, गोल, फिरताना, मागून?”

“आणि अखंड.”

“मागच्या चाकाचं बेअरिंग!” वस्ताद गाडीखाली गेला आणि अर्ध्या तासानं बाहेर आला तो हातात गंजलेलं बेअरिंग घेऊन. बोटानं फिरवलं तर ते खरंच जात्यासारखं बोललं. वस्तादचे डोळे भरून यायचेच बाकी होते. “साहेब, आख्ख्या आयुष्यात असं गिऱ्हाईक नाही मिळालं. माणूस आहात की मशीन!”

खगघांनी पेन्सिल कानावर ठेवली. निवृत्तीनंतर त्यांना पहिल्यांदाच कुणी शाबासकी दिली होती.

परतताना चौकात उजवं वळण आलं. बायको म्हणाली, “अहो, टकटक आहे तशीच आहे.”

खगघांनी डोळे मिटले. घरघर गेली होती, त्यामुळे तिच्याखाली दबलेलं काहीतरी आता वर आलं होतं. “खरखर,” ते म्हणाले. “हा नवा शब्द आहे. दोन खडबडीत पृष्ठभाग एकमेकांवर घासून होणारा शुष्क ध्वनी.”

“टकटक.”

“शुष्क,” खगघ म्हणाले.

मंगळवारी सकाळी वस्तादनं मागचे ब्रेक उघडले. लायनर झिजून पत्रा ड्रमला लागला होता. “खरखर!” वस्ताद वखारीच्या करवतीवरून ओरडला. “साहेब, बोलले म्हणजे बोलले!” बायको तोंड उघडून म्हणाली, “वस्ताद, मला पुढून, वळताना, हाताला—” पण वस्ताद नम्रपणे म्हणाला, “वहिनी, साहेबांनी सांगितलंय ना.”

मंगळवारी दुपारी खरखर गेली आणि खडखड आली. सुट्या, कठीण वस्तू अनियमित अंतरानं आपटून होणारा ध्वनी. तिसऱ्यांदा गाडी बोळात शिरली. सायलेन्सरची पट्टी तुटून तो दोरीला टांगलेल्या घंटेसारखा लोंबत होता. वस्तादनं नवी पट्टी घातली आणि खगघांसाठी स्वतःचं स्टूल झटकून पुढे केलं.

बायको हे सगळं पाहत होती. ती बोलू शकली असती. पण नवऱ्याचा चेहरा दोन दिवस असा उजळला होता की तिनं मनात म्हटलं, बघू या कुठवर जातंय. शिवाय बेअरिंग खरंच गेलं होतं, ब्रेक खरंच झिजले होते, सायलेन्सर खरंच पडायच्या बेतात होता. माणूस चुकत नव्हता. तो फक्त आपल्या तीन अक्षरांतलं तेवढं ऐकत होता.

बुधवारी सकाळी मात्र तिनं चौकात मुद्दाम गोल फेऱ्या मारल्या. सारख्या उजवीकडे. भाजीवाली पाटी डोक्यावर घेऊन उभी राहून बघायला लागली.

टक. टक. टक. टक.

“बोला,” बायको आरशातून म्हणाली. “आता काय? खळखळ? गडगड? घणघण?”

तिन्ही अक्षरं खगघांनी आतून-बाहेरून चाचपून पाहिली. काही सापडेना.

“म्हणतात ना, काखेत कळसा आणि—”

“‘क’ माझा विभाग नाही,” खगघ क्षीण आवाजात म्हणाले.

“आणि ‘ट’?”

“‘ट’ही नाही. ट आमच्याकडे नव्हता.”

“मग ज्यांच्याकडे होता त्यांना विचारू. उद्या अकराला तपासणी आहे. तुमच्या अक्षरांपायी माझी गाडी भंगारात जाणार नाही.”

खगघांनी दाराचं हँडल घट्ट धरलं. कारण ‘ट’ ते ‘ढ’ हा विभाग होता ढसाहेबांचा.

ढसाहेबांशी खगघ एकोणीस वर्षं बोलले नव्हते. भांडण दारावर हातानं केलेल्या आवाजावरून झालं होतं. खगघ म्हणत, दारावर माणूस खटखट करतो; पण नेमकी व्याख्या ‘ठकठक’ खाली द्यावी, कारण खटखट घोड्याच्या टापांचीही असते. ढसाहेब म्हणत, माणूस ठकठक करतो हे खरं. पण मूळ शब्द खटखट, तेव्हा व्याख्येचं ओझं तिकडे. दोघांनीही व्याख्या लिहिली नाही. कोश छापून आला तेव्हा त्यात खटखट पाहा ठकठक असं होतं, आणि ठकठक पाहा खटखट. आजही एखादा वाचक त्या दोन पानांमध्ये येरझारा घालतो आणि दाराबाहेरच राहतो.

गाडी ढसाहेबांच्या घरासमोर थांबली. खगघ उतरले, दारापर्यंत गेले आणि हात वर करून तसेच उभे राहिले. घंटा नव्हती. दार वाजवायचं तर काय करायचं? खटखट केली तर आपलं म्हणणं खरं, पण आतून ऐकणारा त्याला ठकठक म्हणणार. एकोणीस वर्षांचा प्रश्न बोटांच्या पेरांवर येऊन बसला होता. दोन मिनिटं गेली. तीन गेली.

बायकोनं हॉर्न वाजवला. त्याबद्दल कोशात मतभेद नव्हते.

ढसाहेब बाहेर आले. बुटके, गोल, पायजमा एका बाजूनं वर. खगघांचा वर केलेला हात त्यांनी पाहिला. “आशीर्वाद देताय की मारताय?”

“एक शब्द पाहिजे,” खगघ म्हणाले.

“तुम्हाला? शब्द?” ढसाहेबांचा चेहरा दिवाणखान्यातल्या दिव्यासारखा लागला. “माझ्या विभागातला?”

“शक्यता आहे.”

“वहिनी, ऐकलंत? शक्यता आहे म्हणतात! थांबा, चष्मा आणतो. ऐकायला चष्मा लागत नाही, पण हे डोळे भरून बघायचंय.”

ढसाहेब पुढच्या सीटवर बसले, बायकोच्या शेजारी. खगघ मागे. बायकोनं समोरच्या मैदानात गाडी नेली आणि उजवीकडे गोल फिरवली.

टक. टक. टक.

“ठकठक?” मागून खगघ म्हणाले. परक्या अक्षरात ते चोरपावलांनी शिरले.

“छे! ठकठकला हवा लागते. महाप्राण आहे तो. हा अल्पप्राण.”

“मग टिकटिक?”

“टिकटिक घड्याळाची, नाजूक. वहिनी, आणखी एक फेरी. टणटण नाही, नाद उरत नाही. टचटच नाही, ओल नाही.” ढसाहेबांनी बोट वर केलं. “टकटक. कठीण वस्तूचा कोरडा, तुटक, नियमित ध्वनी. डाव्या पुढच्या चाकातून. उजवीकडे वळतानाच. सरळ जाताना नाही. वहिनी, हाताला लागतं का?”

बायकोनं गाडी थांबवली. “हेच,” ती एकेक शब्द वेगळा करत म्हणाली, “मी. सोमवारपासून. सांगतेय.”

ढसाहेब हळूच मागे वळले. “सोमवारपासून?”

खगघ खिडकीबाहेर पाहत होते. बाहेर एक कुत्रं बसलं होतं, त्याच्याकडे ते अत्यंत बारकाईनं पाहत होते.

“तिनं सांगितला होता शब्द,” शेवटी ते म्हणाले. “मी तो खोडला.”

“वाटलंच,” ढसाहेब म्हणाले. “माझेपण खोडायचात.”

वस्तादला या वेळी बायकोनंच सांगितलं. खगघ हात मागे बांधून उभे. वस्तादनं तिच्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे, मग पुन्हा तिच्याकडे. “टकटक? वळताना? पुढून?” तो कपाळावर हात मारून गाडीच्या पुढच्या चाकाखाली गेला. बाहेर आला तेव्हा कोपरापर्यंत काळं ग्रीस. “एक्सलचं रबर फाटलंय. ग्रीस सगळं उडून गेलं, आत माती. जॉइंट खाल्लाय पार. वहिनी, आधी का नाही बोललात?”

बायकोनं त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं तिला कोशात शब्द नाही. कुठल्याच विभागात.

“नवा जॉइंट शनिवारी येईल,” वस्ताद म्हणाला. “तोवर रबर बदलून ग्रीस भरतो. हळू चालवायला हरकत नाही. पण आवाज राहणार. आणि तपासायला येणारा माणूस उजवीकडे वळायला लावणारच.”

गुरुवारी अकराला वाहन कचेरीच्या आवारात गाडी उभी राहिली. तपासनीस साहेब तरुण होते, घामानं सदरा पाठीला चिकटलेला, हातात पुठ्ठ्याला लावलेला छापील फॉर्म. त्यांनी दिवे पाहिले, ब्रेक पाहिले. मागचे ब्रेक पाहून म्हणाले, “नवीन?” चाक हलवून पाहिलं. “हेही नवीन?” खाली वाकून सायलेन्सर पाहिला आणि गाडीचं वय पुन्हा एकदा वाचलं. मग ते पुढे बसले.

“घ्या, ताई. पूर्ण उजवीकडे.”

टक. टक. टक. टक.

साहेबांनी हात वर केला. गाडी थांबली. फॉर्ममध्ये कलम सात होतं : ‘आवाज. एक, खडखड. दोन, खरखर. तीन, घरघर. चार, निरंक.’ पहिल्या तिन्हींपैकी कशावरही खूण म्हणजे नापास. हा फॉर्म कुणी तयार केला ते कळायला मार्ग नाही. पण त्याच्या कचेरीत कोशाचा एकच खंड घेतलेला असावा.

साहेबांचं पेन ‘खडखड’कडे निघालं.

“थांबा!” मागून आवाज आला.

साहेब दचकले. मागे कुणी बसलंय हे ते विसरले होते.

“ही खडखड नाही,” खगघ म्हणाले. “खडखड माझ्याकडे होती. एकतीस वर्षं. तिला सुट्या वस्तू लागतात आणि तिला क्रम नसतो. हे ऐका.” त्यांनी घराच्या किल्ल्या चष्म्याच्या डबीत टाकून साहेबांच्या कानाशी हलवल्या. “ही खडखड. गाडीतला आवाज मोजून येतोय. ताल आहे त्याला.”

“बरं. मग खरखर?”

“घासल्याचं ऐकू आलं का तुम्हाला?”

“नाही. घरघर?”

“घरघर अखंड असते. मरत्या माण—” आरशात बायकोचे डोळे दिसले. “अखंड असते.”

“अहो काका, मग आहे तरी काय ही?”

खगघांनी कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली. पुढे बायको स्टिअरिंगवर दोन्ही हात घट्ट धरून बसली होती.

“टकटक,” ते म्हणाले. “माझ्या बायकोनं सोमवारीच ओळखली होती. मी दुरुस्ती केली. ती दुरुस्ती चुकली.”

बायकोनं आरशात पाहिलं. आरसा मागून येणाऱ्या गाड्यांसाठी असतो. मागे गाडी नव्हती.

साहेबांनी फॉर्म खालपासून वरपर्यंत वाचला. “टकटक नाहीये यात.”

“नाही.”

“म्हणजे निरंक?”

“निरंक म्हणजे आवाज नाही,” खगघ म्हणाले. त्यांच्यातला संपादक त्यांच्या ताब्यात राहीना. “आवाज तर आहे. तुम्ही पाच नंबरला ‘ट’ घालून घ्यायला हवा.”

“अहो!” बायको किंचाळली.

“काका,” साहेब शांतपणे म्हणाले, “तुम्ही गाडी पास करून घ्यायला आलात की मला नापास करायला?” त्यांनी बायकोकडे पाहिलं. “ताई, कशाची आहे ही टकटक?”

“डाव्या एक्सलचा जॉइंट. रबर काल घातलं, जॉइंट शनिवारी येतोय.”

“एवढं स्वच्छ कुणी सांगत नाही हो मला.” साहेबांनी ‘निरंक’वर खूण केली आणि खाली शेऱ्याच्या जागी लिहिलं : ‘डाव्या एक्सलचा जॉइंट आठ दिवसांचे आत बदलून दाखवणे. तोपर्यंत वेग बेताचा. वाहन पात्र.’

खगघांनी दोन सीटांच्या मधून मान पुढे काढून शेरा वाचला. एकही चूक नव्हती. त्यांना थोडं वाईट वाटलं.

“मालकांनी इथे सही करायची,” साहेब म्हणाले.

खगघांनी हात पुढे केला.

सही बायकोनं केली. गाडी तिच्या नावावर आहे.